ताळेबंदाची डावी बाजू

ओव्हाळ मॅडमना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे. त्या समोरच्याला अहो-जाहो करायला लागत. एरवी वर्गात प्रत्येकाला गावाच्या नावानं हाक मारायच्या. "ए केंदूर, खिडकी लाव." "न्हावरं, पाय खाली घे." आणि मग अचानक, "अहो बाई, आपण जरा उभं राहण्याची कृपा कराल का?" असं आलं की मागच्या बाकावरच्यासुद्धा वह्या उघडायच्या. मी त्यांच्याकडे शिरूरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. कुणाविषयी लिहायची मला सवय नाही, आणि त्यांच्याविषयी लिहिताना तर आपण कुठेतरी चुकतोय असं सारखं वाटतं. पण अजूनही शिरूरमध्ये कुणी त्यांचं नाव काढलं की "बाई हुशार, पण डोकं गरम," एवढंच बोलतात, आणि ते ऐकून आता माझं डोकं गरम होतं. म्हणून लिहिते आहे.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या होत्या. साडी कडक इस्त्रीची आणि पायात पांढरे कापडी बूट, कारण लुना चालवायची असे. ती लुना हमखास स्टँडासमोर बंद पडायची. एकदा मी त्यांना त्या गाडीला म्हणताना ऐकलंय, "चला आता, निघा. फार झाले नखरे आपले." कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढेच पैसे, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. राग दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता म्हणा ना.

त्यांचा विषय ना-नफा संस्था आणि सरकारी हिशेब. इतर सगळे तो विषय नोट्स देऊन उरकत. मॅडमचा पहिला तास मला अजून आठवतो. फळ्यावर काही न लिहिता त्या म्हणाल्या, "धंद्याच्या हिशेबात शेवटी एक प्रश्न असतो, उरलं किती? इथं आधी एक प्रश्न असतो, हे कुणाचं? समजा, गावानं शाळेच्या फळ्यासाठी वर्गणी काढली आणि पुढाऱ्यांनी त्यातून ढोल आणला. चोरी झाली का?"

न्हावऱ्याचा एक मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "खाल्ले तर न्हाईत ना मॅडम कुणी? ढोल हाय की समोर."

वर्ग हसला. मॅडम त्याच्या बाकापर्यंत चालत गेल्या.

"उभे राहा साहेब. उद्या आपल्याला कुणी पोराच्या औषधासाठी पैसे दिले आणि आपण टीव्ही घेतला. टीव्ही हाय समोर. पोरगं कुठं हाय?"

मग कुणी हसलं नाही. तेव्हा त्यांनी फळ्यावर ताळेबंद काढला. डावीकडं देणी, उजवीकडं मालमत्ता. एखाद्या ठरावीक कामासाठी आलेली देणगी डावीकडं लिहायची, हे आम्हाला पाठ होतं. का, हे कुणाला सांगता येईना. मी चाचरत म्हणाले, "ज्यानं दिले त्याचं देणं असतं म्हणून?"

"नाही," त्या म्हणाल्या. "ज्यानं दिले तो सुटला. ज्याच्यासाठी दिले त्याचं देणं. ते काम होईपर्यंत तो आकडा डावीकडून हलत नाही. ठराव केला तरी नाही, हार घातला तरी नाही."

हे सगळं त्या पुस्तकापुरतं बोलत नव्हत्या. आम्ही कॉलेजात यायच्या आधी त्यांच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं वर्गणीला आली, तेव्हाची गोष्ट त्या गल्लीत राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीनं, संगीतानं मावशीकडून ऐकून सांगितली होती.

"मॅडम, वर्गणी."

"मागच्या वर्षीचा हिशेब?"

"मॅडम, देवाचं काम हाय."

"मग देवाला तरी दाखवला का?"

पोरांतला एक मागून पुटपुटला, "त्या देव मानत न्हाईत रे, चला."

"देव मानत नाही, हिशेब मानते," मॅडम म्हणाल्या, आणि पैसे काढून दिले. "हे फळ्यासाठी. त्यावर हिशेब लिहून चौकात लावायचा. बॅंजोला वापरलेत तर याद राखा, मंडळी."

पोरांनी भीतीनं खरंच फळा लावला. चौकात ही गर्दी. सगळ्यात मोठा खर्च बॅंजोचा निघाला. त्याखाली अन्नदान. एक आजोबा काठी टेकून वाचत होते. म्हणाले, "आन् अन्नदानाला येवढे लागले? आमाला तर दुसऱ्यांदा भात वाढला न्हाई कुणी." दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्याचं तोंड भिंतीकडं होतं. मॅडमनी कॉलेजला जाताना लुना थांबवली, फळा सरळ केला आणि गेल्या. संध्याकाळी तो परत उलटा. विसर्जनापर्यंत हेच चाललं. पुढच्या वर्षी पोरं त्यांच्या दारात आलीच नाहीत, तर त्या स्वतः मंडपात गेल्या. "माझी वर्गणी का नेली नाहीत? मी गल्लीत राहत नाही का?"

आम्ही त्या गोष्टीवर पोट धरून हसलो होतो. संगीता तर मॅडमची नक्कल करायची. ती केंदूरचीच, माझ्या वाडीतली. शिरूरला मावशीकडे राहून शिकत होती. मावशीच्या घरी सून आली, खोली गेली, आणि संगीताचं कॉलेज पहिल्या वर्षानंतर सुटलं. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मुलगा सणसवाडीला कंपनीत.

इथून मला हसू येत नाही.

आमच्या कॉलेजच्या मागं मोकळी जागा होती. तिथं मुलींच्या वसतिगृहाची कोनशिला होती. ती बसवताना मोठा कार्यक्रम झाला होता. दौंडच्या रेल्वे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या साळवे सिस्टर म्हणून एक नर्स होत्या, त्यांनी आपला सगळा फंड या वसतिगृहासाठी दिला होता. गावोगावच्या लोकांनीही दिलं. आमच्या केंदूरहून ज्वारीची पोती गेली होती, त्यात एक आमचंही होतं. माझे वडील सणसवाडीला कंत्राटावर कामाला. मला कॉलेजात घालताना ते म्हणाले होते, "हॉस्टेल व्हनार हाय ना? मग शिक. पर येष्टीच्या भरवशावर पोरगी किती दिस ठेवायची?" म्हणजे माझं शिक्षण त्या कोनशिलेवर उभं होतं.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "वह्या घ्या. मालमत्ता बघायला चला." आख्खा वर्ग त्यांच्यामागून कॉलेजभर फिरला. प्रयोगशाळा, वाचनालय, नवीन सभागृहाचं चाललेलं बांधकाम, दिसेल ते उजवीकडं लिहायचं. शेवटी कोनशिलेपाशी आलो. तिला कुणीतरी शेळी बांधली होती.

"इथं काय लिहू मॅडम?" एका मुलानं विचारलं.

"दिसतं ते."

"शेळी दिसती मॅडम."

"लिहा. संस्थेची आहे का?"

"न्हाई."

"मग खोडा. काय उरलं?"

मॅडमनी बाभळीखाली त्या दिवसाचा तास घेतला. वसतिगृहाचा निधी डावीकडं आहे; उजवीकडं त्याच्यासमोर बॅंकेत तेवढी ठेव तरी पाहिजे, नाहीतर इमारत तरी. दोन्ही नसेल तर पैसा कुठं उभा आहे? सगळ्यांच्या माना आपोआप सभागृहाकडं वळल्या. वर सळया दिसत होत्या. पुढं भली मोठी कमान होणार होती, अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची.

मॅडमना हे नक्की ठाऊक होतं, कारण संस्थेचे वार्षिक हिशेब त्याच लिहीत होत्या. ऑफिसातले जुने हिशेबनीस निवृत्त झाले होते आणि सचिव म्हणाले होते, "तुम्ही शिकवताच की, जरा लिहून द्या." फुकट. त्या वर्षी मी एसटी पासासाठी शिक्का घ्यायला ऑफिसच्या खिडकीशी उभी होते. आत अध्यक्ष बापूसाहेब बसले होते आणि मॅडम उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"मॅडम, ते वसतिगृहाचं सर्वसाधारण निधीत वर्ग करून टाका," बापूसाहेब गोड आवाजात म्हणाले. "एवढं काय धरून बसलाय? सभागृहबी पोरींचंच हाय की. गॅदरिंगला नाचत्यात न्हाई का?"

"नाचून झाल्यावर झोपतात कुठं साहेब?"

क्लार्कनं मान खाली घातली.

"बरं, ठराव करू. साळवे सिस्टरांची संमती आणू. मग तर झालं?"

"त्यांची संमती चालत नाही."

"पैशे त्यांचे, आन् संमती चालत न्हाई?" बापूसाहेब क्लार्ककडं बघून हसले. "असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय म्हणायचं?"

"जे पुस्तक शिकवायला आपण मला ठेवलंय त्यात," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मला बघून म्हणाल्या, "रविवारी दौंडला यायचं. मला दाखवायला कुणीतरी पाहिजे." काय दाखवायला, ते मला तेव्हा कळलं नाही.

सिस्टरांचं घर रेल्वे लाइनीच्या पलीकडं, दोन खोल्यांचं. गाडी गेली की भांडी हलायची. सिस्टर बारीक चणीच्या, पांढऱ्या साडीतल्या. टीव्हीवर घडी केलेली शाल आणि त्यावर नारळ. आम्ही बसायच्या आधीच त्या सांगायला लागल्या.

"बापूसायेब स्वतः आलते, गाडी घेऊन. दारात चप्पल काढली त्यांनी. अशी माणसं माझ्या दारात कवा आली न्हवती बाई. म्हनले, आधी सभागृह, मग वसतिगृह. आन् एका खोलीला माझ्या आईचं नाव देणार."

"सही दिलीत?" मॅडमनी विचारलं.

"दिली की."

"चप्पल काढली, म्हणून सही दिलीत आपण?"

सिस्टरांचा चेहरा पडला. "असं काय बोलता? पैसे माझेच हायेत ना?"

"होते. दिलेत त्या दिवशी आपलं संपलं. आता ते हिचे आहेत." मॅडमनी माझा दंड धरून मला पुढं केलं. "हिला विचारलंत?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. सिस्टर माझ्याकडं वळल्या. मग नर्स पेशंटला विचारते तसं विचारलं, "राहती कुठं?"

"केंदूरला. येऊन-जाऊन."

"घरी कवा पोचती?"

"अंधार पडतो."

"आन् पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात शेवटचा तास सोडते."

चहा ठेवला होता, तो उतू गेला. मॅडम उठल्या. परतीच्या एसटीत मी धीर करून म्हणाले, "मॅडम, त्या म्हाताऱ्या आहेत. असं बोलायला नको होतं." मला खरंच राग आला होता त्यांचा.

"म्हाताऱ्या आहेत म्हणूनच बोलले," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तरुण असत्या तर सावकाश सांगितलं असतं."

मॅडमनी हिशेब लिहिले, वसतिगृहाचा निधी डावीकडं ठेवूनच. संस्थेनं ते बाजूला सारले आणि पुण्याहून कुणाकडून तरी नवे लिहून आणले. त्यात तो निधी कुठंच नव्हता. पाण्यात मीठ विरघळावं तसा बाकीच्या पैशांत विरघळला होता. मॅडमनी पुण्याच्या धर्मादाय कचेरीत तक्रार केली. तिथून "विचाराधीन" असं उत्तर आलं. त्यांच्या तोंडी मग तो शब्दच बसला. भाजीवाल्यानं सुटे परत द्यायला वेळ लावला तरी म्हणत, "विचाराधीन आहे वाटतं आमचं प्रकरण."

वर्षअखेरीला सभागृहाचं उद्घाटन निघालं. मांडव, स्पीकर, पुढं पाहुण्यांसाठी सोफे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मॅडम आत आल्या आणि त्यांच्यामागं बायकांची एक रांग आली. पहिल्यांदा मला कळेना. मग त्यात मला संगीता दिसली, कडेवर जावेचं मूल घेऊन. बाकीच्याही ओळखीच्या वाटायला लागल्या. राहायला जागा नाही म्हणून कॉलेज सोडलेल्या मुली होत्या त्या सगळ्या. मॅडम कित्येक दिवस लुनावरून त्यांच्या घरोघर फिरल्या होत्या. सासवांना सांगितलं होतं, "कॉलेजात बोलावलंय." त्यांनी मुलींना थेट पहिल्या रांगेत, सोफ्यांवर बसवलं.

सचिव धावत आले. "मॅडम, ही पाहुण्यांची जागा हाय. या कोण?"

"आपण मालमत्तेचं उद्घाटन करा," मॅडम म्हणाल्या, मागपर्यंत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट. "मी डावी बाजू घेऊन आलेय."

पुढच्या लोकांना काही कळलं नाही. मागं उभ्या असलेल्या आमच्या वर्गाला कळलं. न्हावऱ्याच्या त्याच मुलानं पहिली टाळी वाजवली आणि मग आम्ही सगळ्यांनी. मला वाटलं, आता काहीतरी होईल. एवढ्या लोकांदेखत कुणाला तरी लाज वाटेल.

पण बापूसाहेब मुरलेले होते. त्यांनी माइक घेतला. "आपल्या माजी विद्यार्थिनी संसारातून वेळ काढून या सोहळ्याला आल्यात. जोरदार टाळ्या झाल्या पायजेत!" टाळ्या झाल्या. दोन पोरं धावत आली आणि त्या मुलींना एकेक गुलाब देऊन गेली. संगीताच्या कडेवरच्या मुलानं पाकळ्या तोंडात घातल्या. स्टेजवर साळवे सिस्टर दुसरी शाल पांघरून बसल्या होत्या. त्या आमच्याकडं बघत होत्या आणि शाल खांद्यावरून घसरत होती, ती सावरत नव्हत्या.

मॅडमचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. ज्यांना लुबाडलं त्यांनाच फूल द्यायचं, आणि त्यांनी ते घ्यायचं, कारण हातात आलेलं फूल टाकायचं कसं? कार्यक्रम संपल्यावर मुलींना एसटीत बसवताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता हे गुलाब कुठल्या खर्चात टाकतात ते बघू."

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. त्यात मॅडमचं नाव नव्हतं. कुणी काढून टाकलं, कुणी सांगितलं नाही; तासिका तत्त्वावर काढून टाकावं लागतच नाही, नुसतं लिहायचं नाही. माझ्या घरी वडिलांनी पाससाठी पैसे दिले नाहीत. "हॉस्टेल झालं न्हाई. संगीचं बघितलं ना? आता बास." ते वाईट माणूस नव्हते. त्यांचीही ज्वारी गेली होती.

मी घरी बसून होते. एक दिवस दुपारी साळवे सिस्टर छत्री टेकत आमच्या वाडीत आल्या. दौंडहून गाड्या बदलत आल्या होत्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "तुमची पोरगी माझ्याकडं दौंडला ठेवा. तिथं कॉलेज हाय. शेवटचं वर्ष व्हईल तिचं."

वडील गोंधळले. "तुमचं आमचं काय नातं व्हय सिस्टर?"

"नातं न्हाई. हिचे पैसे म्या दुसऱ्याला दिलेत."

वडिलांना अर्थ कितपत कळला कोण जाणे. पण म्हातारं माणूस दारात येऊन असं बोलतंय म्हटल्यावर ते नाही म्हणू शकले नाहीत.

मी दौंडला राहायला गेले. थोड्याच दिवसांत मॅडम तिथं आल्या. तक्रारीचं काय झालं ते विचारायला पुण्याच्या कचेरीत निघाल्या होत्या, पुण्याची शटल गाडी पकडायच्या आधी वाट वाकडी करून. हातात पिशवी, पायात तेच बूट. शिरूरला आता खाजगी शिकवण्या घेत होत्या. मी आतून धावत आले. मला वाटलं होतं, मला तिथं बघून त्यांना बरं वाटेल.

"बसा मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "झाली बघा पोरीची सोय."

"एकीची," मॅडम म्हणाल्या. बसल्या नाहीत.

मग मॅडमनी सिस्टरांच्या हातावर हात ठेवला. "तुमचं देणं फिटलं, सिस्टर. तुमच्यावर राग नाही माझा. संस्थेचं तसंच आहे. ते मी सोडत नाही."

ते अजूनही तसंच आहे. वसतिगृह झालेलं नाही. कोनशिलाही आता तिथं नाही, गाड्या लावायला जागा केली.

"फी भरलीस?" मॅडमनी जाता जाता विचारलं.

"भरली."

"पावती आण."

मी आणली. त्यांनी ती उंबऱ्यात उभं राहून वाचली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"विकास निधी. कशाचा विकास?"

"माहीत नाही मॅडम. सगळेच भरतात."

"सगळेच भरतात," त्या म्हणाल्या. पावती घडी करून पर्समध्ये टाकली. "कॉलेज कुठल्या अंगाला आहे?"

मी हातानं दाखवलं. सिस्टर मागून म्हणाल्या, "अहो मॅडम, तुमची शटल चुकंल. आज पुण्याच्या कचेरीत जायचं हाय ना तुमाला?"

"कचेरी पाचपर्यंत उघडी असते. पुढच्या गाडीनं जाईन."

तेव्हा त्यांना मी शेवटचं पाहिलं. ऊन रखरखीत होतं आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. स्टेशनात भोंगा वाजला. त्या वळल्या नाहीत. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, पदर खोचला आणि कॉलेजच्या दिशेनं आणखी भरभर चालायला लागल्या.